बोट ठेवलेली ओळ

राखेचा बुधवार

ताई,

फोनवर माझा आवाज ओळखलास की तू ठेवून देतेस, म्हणून पत्र. पत्र फाडायला तरी आधी हातात घ्यावं लागतं.

तुझा पत्ता आईकडे होता. तू एकदा तिला पाकीट पाठवलं होतंस, त्याच्या मागचा तुकडा तिने उशीच्या अभ्र्यात ठेवलाय. अभ्रा धुताना काढते, वाळला की परत आत घालते. आज तो माझ्या हातात देऊन म्हणाली, "मी दिला म्हणून लिहू नकोस हं." म्हणजे लिही. आपल्या घरात सरळ बोलायची पद्धत कधी होती?

आज उपवासकाळ सुरू झाला, आम्ही तिघं देवळातून कपाळाला राख लावून आलो. बाबा काठी टेकत आले. गेल्या महिन्यात पुस्तकबांधणीच्या दुकानात सरस तापवताना भांडं कललं आणि उकळता सरस त्यांच्या डाव्या पावलावर सांडला. ते दुमडलेल्या पानांचा पुढचा फर्मा शिवत राहिले. आई किंचाळली तेव्हा त्यांनी खाली पाहिलं. दुखलंच नाही म्हणाले. आई सगळीकडे सांगत सुटली की काय यांची सोसायची ताकद! तू नर्स आहेस. पाय भाजला आणि कळलं नाही याचा अर्थ तुला मी सांगायला नको.

साखर पूर्वीसारखीच आहे. गोड सोडलेलं नाही. म्हणतात, "डॉक्टरने सांगितलं म्हणून सोडलं तर तो डॉक्टरचा उपवास, देवाचा कसला?" म्हणून यंदाच्या उपवासकाळात त्यांनी खुर्ची सोडलीय. सगळं काम उभ्याने करणार, त्या पायावर.

मी मागणं सोडलंय. प्रार्थनेत काहीच मागायचं नाही, नुसतं बसायचं आणि ऐकायचं. शाळेत मी मुलांना विज्ञान शिकवते (हो, लागले नोकरीला). त्यांना सांगते की उत्तर आधीच ठरवून केला तर तो प्रयोग नव्हे. प्रार्थनेचंही तसंच असावं. बाबांना हे सांगितलं तर हसले. "ग्रॅज्युएटबाई आता देवाचा पेपर तपासणार!"

तू बरी आहेस ना, असं विचारत नाही. विचारलं तर मागणं होईल.

तुझी धाकटी


उपवासकाळाचा दुसरा रविवार

ताई,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं. तरी पोस्टमन दिसला की मी पायरीवर उभी राहते आणि केस विंचरायचं नाटक करते.

पायाची दोन बोटं काळी पडलीत. सर्जनबाईंनी पाहिलं. फार बोलत नाहीत त्या. म्हणाल्या, "ही दोन काढू. या आठवड्यात." बाबांनी टोपी हातात घेतली, आभार मानले आणि आम्ही घरी आलो. वाटेत म्हणाले, "वचन काढू. मग ठरवू."

वचन म्हणजे झावळ्यांच्या रविवारी, ईस्टरच्या आधल्या.

रीत तीच आहे, तुझ्या वेळची. वर्षातून एकदाच. आधी सगळा उपवास, मग संध्याकाळच्या प्रार्थनेत बाबांनी स्वतः बांधलेलं ते जाड पवित्र शास्त्र शिवणीकडच्या पाठीवर उभं करायचं, दोन्ही हात सोडायचे, ते आपोआप जिथे उघडेल तिथे डोळे मिटून बोट ठेवायचं. जी ओळ सापडेल ती आज्ञा. दुकान हलवायचं का, ते तसंच ठरलं. मी कॉलेजात जावं का, तेही. माझं वचन चांगलं निघालं, म्हणून मी घरातली पहिली पदवीधर. तुझं निघालं नाही.

ती संध्याकाळ मला आठवते. तुला दूरच्या एका साथरोगांच्या दवाखान्यात नोकरी मिळाली होती आणि तू आधीच बॅग भरली होतीस. शास्त्र उघडलं ते दुष्काळातल्या त्या म्हाताऱ्या बापाच्या गोष्टीवर. एक मुलगा गमावलेला, आणि धाकट्याला धान्यासाठी परक्या देशात पाठवायला तयार नसलेला. माझं लेकरू जाणार नाही, म्हणतो तो. बाबांनी वाचलं आणि शास्त्र मिटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तू उंबऱ्यावर उभी राहून म्हणालीस, "बाबा, तुमचा देव तुमच्याच आवाजात बोलतो." आणि गेलीस. तेव्हापासून या घरात मोठी मुलगी नव्हतीच, असं आम्ही वागतो. चुकून ताटं चार मांडली गेली तर आई एक ताट गुपचूप उचलते.

झावळ्यांचा रविवार अजून लांब आहे. काळं पडलेलं बोट थांबतं का? एवढंच कळव. सही नको करूस.

आज सकाळी ऐकायला बसले होते. डोक्यात एकच वाक्य घुमत राहिलं: बाबांना हो म्हणू दे, हो म्हणू दे. मागणं सोडणं गोड सोडण्याइतकं सोपं नाही.

धाकटी


चौथ्या आठवड्यातला मंगळवार

ताई,

तुझं कार्ड मिळालं.

एकच ओळ. "काळं पडलं असेल तर वाट पाहू नका, उद्याच न्या." अक्षर तेच, 'ळ' जमिनीवर लोळणारा. मी ते शाळेच्या पिशवीत, डब्याच्या खाली ठेवलंय. रोज न्यायचं, रोज आणायचं.

दाखवलं नाही. रागावू नकोस. तुझं नाव काढलं तर बाबा पाय राहू दे, जीवही देतील पण ऐकणार नाहीत, असं मला वाटतं. इतक्या वर्षांत मी त्यांना ओळखते ना. म्हणून म्हटलं, दुसरा मार्ग बघू.

पाळकसाहेबांना घेऊन आले. त्यांनी बाबांच्या खांद्यावर हात ठेवला. "देव डॉक्टरच्या तोंडूनही बोलतो, भाऊ."

"मग रविवारी डॉक्टरलाच उभं करा की उपदेशाला," बाबा म्हणाले. "आम्ही तपासायची फी घेऊन येऊ."

पाळकसाहेबही हसले. काय करणार? जाताना दाराशी मला म्हणाले, "प्रार्थना कर." ती करण्यातच माझा जीव जातोय, हे त्यांना कसं सांगू?

दुकानात वास येतो. कॉलेजची मुलं प्रबंध बांधायला टाकायला येतात आणि रुमाल नाकाशी धरतात. बाबा म्हणतात, "सरसाचा वास आहे, सवय होईल." काल एक मुलगी तिचा प्रबंध तसाच परत घेऊन गेली. बाबा तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत म्हणाले, "सोनेरी अक्षरं काढणार होतो तिला." उभेच होते. टेबलाच्या कडेला दोन्ही हातांनी धरून. आता काळेपणा घोट्याकडे सरकलाय. मी मोजे चढवायला मदत करते तेव्हा बघते. आई बघत नाही. ती मोजे धुते, वाळवते, घड्या घालते आणि स्तोत्र गुणगुणते.

सकाळी ऐकायला बसते. ऐकू काहीच येत नाही. फक्त पिशवीत तुझं कार्ड आहे, हे आठवत राहतं. मी ते बाजूला सारते, कारण मला देवाचं ऐकायचं असतं.

धाकटी


झावळ्यांच्या रविवाराआधीचा शुक्रवार

ताई,

आज थोडंच लिहिते. हात दुखतायत.

शाळेला सुट्टी होती. बाबा आणि आई पट्टी बदलायला दवाखान्यात गेले होते, म्हणून दुपारी दुकानात मी एकटीच होते. लहानपणी आपण दोघी पुस्तकं दाबायच्या शिकंज्याच्या चाकाला लोंबकळायचो आणि बाबा ओरडायचे, "बोटं दाबली तर पुस्तकात बांधून टाकीन!" चाक अजून तसंच जड आहे. तळव्यांना वळ उठलेत.

तुला पुस्तक शिवायला येतं, मलाही. बाहेरच्यांना वाटतं मी शिकले म्हणजे हे विसरले असेन. पुस्तक कुठे उघडतं हे माझ्या हाताला अजून कळतं.

जास्त विचारू नकोस. परवा वचन आहे. यावेळी ते चांगलं निघेल.

सकाळी प्रार्थनेला बसले नाही.

धाकटी


पवित्र आठवड्यातला बुधवार

ताई,

बाबांचा पाय गुडघ्याखाली काढला. सोमवारी. आता सगळं सांगते. गेल्या पत्रात मी लपवलं होतं.

शुभवर्तमानात ती जागा आहे ना, जिथे येशू म्हणतो की पाय तुला पापात ओढत असेल तर तो तोडलेला बरा, लंगडत का होईना पण जीवनात जावं. शुक्रवारी मी शास्त्र तिथे उघडलं, हाडाच्या पट्टीने मधली घडी दाबली, आत सुरी घालून शिवणीचे टाके सोडवले, आणि तसंच उघडं शिकंज्यात आवळून ठेवलं. मग मिटून कपाटात. ठरलेल्या उत्तराचा प्रयोग. माझ्या वर्गातल्या मुलाने केला असता तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं.

रविवारी संध्याकाळी बाबांनी शास्त्र पाठीवर उभं केलं आणि हात सोडले. ते धपकन तिथेच पडलं. इतकं सरळ की मला वाटलं आईलाही कळलं. बाबांनी डोळे मिटून बोट ठेवलं. ओळ वाचायच्या आधी त्यांचा अंगठा दोन पानांच्या मधल्या खोबणीतून वरून खाली फिरला. हळू. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग वाचलं.

आई रडत रडत "धन्य, प्रभू" म्हणाली. बाबा म्हणाले, "ठीक. पाय देतो."

मला वाटलं, जमलं. देवाला मदत केली असं वाटलं, ताई. खोटं नाही सांगत, त्या संध्याकाळी मी पोटभर जेवले.

काल सर्जनबाईंना गाठून विचारलं. मला आकडा हवा होता. त्या म्हणाल्या, "पहिल्यांदा आलात तेव्हा दोन बोटांवर भागलं असतं. पंधरा दिवसांपूर्वी अर्ध्या पावलावर. आता विष वर चढलंय. अजून वर कापता येईल, पण त्यांना ते सोसणार नाही."

पंधरा दिवसांपूर्वी तुझं कार्ड माझ्या पिशवीत होतं.

आज दुपारी दवाखान्यात आई औषधं आणायला खाली गेली होती. बाबांनी शास्त्र आणि दुकानातली सुरी आणायला सांगितली होती, म्हणून मी आणली होती. त्यांनी शास्त्र पोटावर ठेवलं.

"शिवण कुणी सोडवली?"

मी सुरी पिशवीत परत सारली.

"चौथ्या टाक्यापासून सोडवलीस. दुसऱ्यापासून सोडवायची. पान जास्त सपाट पडतं." आणि हसले. हसता हसता खोकले.

"तुम्हाला कळलं होतं, तर हो का म्हणालात?"

"पोरगी माझ्यासाठी शास्त्राची पाठ मोडते..." त्यांनी शास्त्राच्या पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "मोठीच्या वेळचं पान कुणी पाडलं, ते विचार."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मोठी. मी पलंगाचा गज घट्ट धरला.

"सुरी नव्हती लावली मी," ते म्हणाले. "तिने जायचं बोलायला सुरुवात केल्यापासून रोज दुकान उघडलं की तेच पान वाचायचो. त्या म्हाताऱ्याचं. रोज अंगठा तिथेच. पुस्तक मग तिथे नाही उघडणार तर कुठे? दुसऱ्या कुणी ते पुस्तक माझ्याकडे आणलं असतं तर हातात घेताच मी सांगितलं असतं, की बाबा रे, तू हे पान फार वाचतोस. माझं मला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं. त्यालाच देवाचा आवाज म्हटलं."

"बाबा..."

"त्या म्हाताऱ्याचं पुढे काय होतं? तू शिकलेली, सांग."

"पुढच्या पानावर धान्य संपतं," मी म्हणाले. "आणि तो लेकराला पाठवतो."

"ते पान मी तुम्हाला वाचून दाखवलं कधी?"

नव्हतं दाखवलं. आपण सगळेच त्या गोष्टीला तिथेच संपलेली समजत होतो.

तेव्हा मी पिशवीतून तुझं कार्ड काढलं आणि त्यांच्या हातात दिलं. डब्याखाली राहून त्यावर तेलाचा डाग पडलाय. त्यांनी ते डोळ्यांपाशी नेलं, मग चादरीवर ठेवलं, आणि वचनावर ठेवतात तसं तुझ्या ओळीवर बोट ठेवलं.

"कधी आलं?"

मी सांगितलं.

"का दाखवलं नाहीस?"

"तुम्ही मानलं नसतं."

"नसतं मानलं," ते लगेच म्हणाले. मग जरा थांबून, "पण ते मला ठरवू द्यायचं होतंस, ग्रॅज्युएटबाई."

त्यांनी बोट उचललं नाही. "देवाने वचन पोस्टाने पाठवलं," ते म्हणाले, "आणि आपण बाप-लेक शिकंज्यात शोधत बसलो."

त्यानंतर त्यांनी सुरी मागितली. कशाला हे कळेपर्यंत त्यांनी पुठ्ठा उघडून पाठीवरचं कापड फाडलं होतं. एकेक टाका कापला. एकही पान फाटलं नाही. आई परत आली तेव्हा पलंगभर फर्मे पसरले होते. ती दारातूनच ओरडली. "अहो, हे काय केलंत? शास्त्र!"

"आता ते आपोआप कुठेच उघडणार नाही," बाबा म्हणाले. "वाचायचं असेल तर पहिल्यापासून वाचावं लागेल."

मी आईला अजून खरं सांगितलेलं नाही.

तू ये, असं लिहायला घेतलं होतं. खोडलं. तुला ओढायला मी आणखी एक पान पाडतेय असं वाटलं.

धाकटी


पुनरुत्थानाचा रविवार

ताई,

बाबा काल सकाळी गेले.

तुझ्या दवाखान्यात फोन लावला. कुणीतरी उचलला, तू ड्यूटीवर आहेस म्हणाले, निरोप द्यायचाय का विचारलं. अशा गोष्टीचा निरोप परक्या माणसाकडे कसा ठेवायचा? काही नाही म्हटलं. त्यामुळे हे तुला कागदावरच कळतंय. माफ कर.

शेवटी ते फारसं बोलले नाहीत. ताप होता. आई ओल्या फडक्याने तोंड पुसत होती. गुरुवारी एकदा तंद्रीत विचारलं, "ती पोचली का नीट?" आईला वाटलं माझ्याबद्दल विचारतायत. "ही काय, इथेच आहे," ती म्हणाली. त्यांनी मान हलवली. नाही, नाही. मला कळलं ते कुणाच्या प्रवासाबद्दल विचारत होते. हे त्यांनी तेव्हाच विचारायला हवं होतं, तू बॅग घेऊन गेलीस त्या दिवशी. मी त्यांच्या कानाशी जाऊन म्हटलं, "पोचली, बाबा. केव्हाच पोचली." त्यांची मान हलायची थांबली.

आज सकाळी सगळे देवळात आनंदाची गाणी म्हणत होते. आई माझ्या शेजारी पुतळ्यासारखी बसली होती. घरी येताना म्हणाली, "वचन तर निघालं होतं गं. जीवनात जावं, असंच होतं ना त्यात? मग का नेलं त्याने?" ती दर तासाला हेच विचारते. तिला खरं सांगायला हवं, आणि ते मीच सांगायला हवं. आज संध्याकाळी सांगणार आहे. ती मला काय म्हणेल ते ऐकून घेईन.

मीही बसले होते देवळात. काहीच विचारलं नाही. काही ऐकू आलं नाही. पण त्या शांततेत माझाही आवाज नव्हता. उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी मला हेच हवं होतं, आणि ते इतकं रिकामं असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तरी मी उठले नाही. सगळे गेल्यावरही, झाडूवाला दिवे मालवेपर्यंत, आई आणि मी बसून होतो.

सोबत एक फर्मा पाठवतेय. बाबांनी शुक्रवारी बाकीच्यांतून वेगळा काढून उशाशी ठेवला होता. बोलता येत नव्हतं, तेव्हा आधी त्यावर बोट ठेवलं, मग तुझ्या कार्डावर. म्हणजे तुझा. ते पान बघशील तेव्हा कडेला तपकिरी डाग दिसेल. सरसाचा आणि घामाचा. बाकी सगळं शास्त्र पांढरं आहे, तेवढीच जागा अंगठ्याएवढी मळलीय. तो म्हातारा तिथे म्हणतो, माझं लेकरू जाणार नाही. तिथे थांबू नकोस. पान उलट. पुढचं पान कोरं करकरीत आहे, कुणाचा हात न लागलेलं.

कार्ड मात्र पाठवत नाही. ते त्यांच्या खिशात ठेवलंय. शर्टाच्या, डाव्या.

दफन मंगळवारी दुपारी आहे. हे पाकीट आज संध्याकाळच्या बसच्या कंडक्टरकडे देते, तो उद्या सकाळी तुझ्या दवाखान्याच्या फाटकाशी उतरतो म्हणाला. उद्या रात्री त्याची बस परत निघते, मंगळवारी सकाळी इथे पोचते.

तुला बोलवावं की नको, हे मी देवाला विचारलेलं नाही. तुलाच विचारते.

येतेस?

धाकटी